गळा छान झालाय

वैजयंतीने जुईच्या प्रकल्पाचं मनापासून कौतुक केलं, आणि जुई रडायला लागली.

अकरावीचा वर्ग होता. जुईने पिपलानीतल्या सहा ठिकाणांहून पाण्याचे नमुने आणून त्यांचा क्षारांमुळे येणारा जडपणा तपासला होता. तक्ते नीट आखले होते, आणि एक चूक झाली होती तीही लपवली नव्हती. बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या वैजयंतीला इतकं नेटकं काम क्वचितच बघायला मिळालं होतं. "बहुत सुंदर, जुई. कॉलेजवालों से भी अच्छा," असं म्हणून ती हसली.

पोरीचा चेहरा पडला. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी आली तेव्हा डोळे लाल होते. या हिंदी बोलणाऱ्या शहरात घरी मराठी बोलणारी मुलगी, त्यामुळे वैजयंती एकटी असली की ती मराठीतच बोलायची.

"मॅडम, काय चुकलं ते सरळ सांगा ना. सगळ्यांसमोर टोमणा कशाला मारलात?"

"टोमणा? मी?"

"तुम्ही असं हसलात." जुईने खालचा ओठ एका बाजूने खाली ओढून दाखवला. त्या चेहऱ्यावर तुच्छतेशिवाय दुसरं काही नव्हतं.

वैजयंतीने तिला समजावलं. दाताचं काम चालू आहे, त्यामुळे तोंड वाकडं होतं, असं सांगितलं. जुईला ते पटलं की नाही कोण जाणे. खरं कारण सांगणं शक्यच नव्हतं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत जे ऑपरेशन झालं, ते गळ्यातली गाठ काढायचं होतं असं शाळेत सगळ्यांना सांगितलेलं होतं.

गाठबीठ काही नव्हती. वैजयंतीने गळा सुंदर करून घेतला होता.

साथीत शाळा बंद राहून घरून ऑनलाइन तास घ्यावे लागले, तेव्हा हे सुरू झालं. दोन वर्षं ती रोज पाच-पाच तास स्वतःला एका छोट्या चौकोनात बघत होती. तिच्या माहेरच्या बायकांचा गळा असाच. हनुवटीपासून थेट खाली उतरणारा, मधे कुठे वळण नाही. पन्नाशीनंतर त्यावरची कातडी लोंबायला लागली, आणि बोलताना दोन दोऱ्या ताणल्यासारख्या उभ्या राहायच्या. मुलांचे चेहरे नीट दिसायचे नाहीत, पण स्वतःचा गळा मात्र स्पष्ट दिसायचा. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा ती मे महिन्याच्या उन्हातसुद्धा गळ्याभोवती ओढणी गुंडाळून जायला लागली.

नवऱ्याने, विश्वासनी, ऑपरेशनचं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पेपर खाली ठेवला. ते मिरजेचे, इथल्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि तीस वर्षं इथेच राहिले. "या वयात? कुणाला दाखवायचाय?" त्यांनी विचारलं.

"मला," वैजयंती म्हणाली. ऑपरेशनच्या दिवशी मात्र ते सकाळी साडेसहाला गाडी काढून तयार होते.

डॉक्टर मयूर देवधर इंदूरचे, चाळिशीचे, हुशार आणि मृदू बोलणारे. त्यांचं क्लिनिक चार इमली वसाहतीजवळ एका शांत रस्त्यावर होतं. त्यांनी हनुवटीखाली एक आणि दोन्ही कानांमागे एकेक चीर देऊन आतले स्नायू शिवले, जास्तीची कातडी काढली. सूज उतरली तेव्हा वैजयंती आरशासमोर उभी राहिली आणि तिला हसू फुटलं. जबड्याची रेष अशी स्वच्छ तिने कॉलेजात असतानाही पाहिली नव्हती.

पण ते हसू वाकडं होतं. खालच्या ओठाची उजवी बाजू खाली यायची, डावी जागची हलायची नाही.

"एक बारीक नस दुखावते कधीकधी," डॉक्टर म्हणाले होते. "तीन महिने, फार तर सहा. आपोआप येईल."

आता नऊ महिने झाले होते. चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून ओघळायचं. चहा पिताना रुमाल जवळ ठेवावा लागायचा. हनुवटीखालची कातडी बधिर होती. गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही हे तिला हात लावूनच कळायचं. वर बघितलं की कुणीतरी आतून आवळून धरल्यासारखं वाटायचं.

हे सांगायचं कुणाला, हा खरा त्रास होता. विश्वास म्हणायचे, "मला तर काही दिसत नाही. उगाच आरशात बघत बसतेस." पुण्याला नोकरी करणारी मुलगी, संपदा, फोनवर म्हणायची, "आई, तू इतकी मस्त दिसतेस, और क्या चाहिए?" एकदा वैजयंती फारच कुरकुरली तेव्हा विश्वास चिडून म्हणाले, "हौसेने केलंस ना? मग आता सोसायचं." त्यानंतर तिने घरात तो विषय काढला नाही. आजारपण असतं तर चार लोकांनी विचारपूस केली असती. हौसेच्या दुखण्याला कोण विचारतो?

जुईच्या प्रसंगानंतर चारच दिवसांनी शिल्पाने तिला स्टाफरूमच्या कोपऱ्यात ओढलं. शिल्पा उज्जैनची, शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि तिच्या पोटात काही राहायचं नाही.

"अगं, सच सांग, ही तू आहेस ना?"

तिच्या फोनवर देवधरांच्या क्लिनिकचा व्हिडिओ होता. आधी आणि नंतर, असे एका बाईचे दोन फोटो. डोळ्यांवर काळी पट्टी, मागे संगीत. पण जबड्याखाली डावीकडे तीळ होता, आणि तो तीळ शिल्पा बारा वर्षं रोज समोर बघत आली होती. खाली लोकांनी बदाम पाठवले होते. 'कमाल का रिझल्ट' असं कुणीतरी लिहिलं होतं.

वैजयंतीचे कान तापले. "कुणाकुणाला दाखवलंस?"

"कुणाला नाही गं. पण मुलं बघतात हे सगळं. आणि लपवलंस कशाला? इतकं छान झालंय! मी पण करवून घेईन म्हणते."

"नको," वैजयंती म्हणाली.

"का? तुला तर किती खुलून दिसतंय!"

वैजयंतीने पुन्हा फोटो बघितला. फोटोत ती हसत नव्हती. फोटो काढताना डॉक्टरांनीच सांगितलं होतं, चेहरा अगदी शांत ठेवा.

त्याच दुपारी स्कूटर घेऊन ती पिपलानीहून थेट क्लिनिकवर गेली. रस्ताभर ती मनात वाक्यं जुळवत होती. क्लिनिकच्या काउंटरवर पूजा नावाची मुलगी होती. वैजयंतीने तोंड उघडायच्या आत तिने एक कागद पुढे केला.

"मॅम, अच्छा हुआ आप आ गईं। फीडबॅक भरायचा राहिलाय तुमचा."

कागदावर 'वैजयंती परचुरे' असं नाव छापलं होतं, आणि एकच प्रश्न ठळक होता. निकालाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? खाली चार चौकोन: खूप समाधानी, समाधानी, थोडे असमाधानी, असमाधानी. वैजयंतीने पेन घेतलं. पहिल्या चौकोनात खूण करून बाजूला लिहिलं, 'गळा'. चौथ्या चौकोनात खूण करून लिहिलं, 'ओठ, बधिरपणा'.

पूजाने कागद उलटसुलट केला. "मॅम, एकच टिक करायचा असतो. कंप्यूटर में दो नहीं जाते."

"मग त्याला सांगा, माणसाला दोन होतात."

"तसं नाही मॅम, सिस्टीम घेत नाही. मी 'समाधानी' करून देऊ का? मधलं आहे."

"मधलं नाहीये ते!" वैजयंतीचा आवाज चढला. "दहा मार्कांच्या दोन प्रश्नांत एकाला दहा आणि एकाला शून्य मिळालं, तर दोन्हींना पाच-पाच मिळाले असं म्हणता का तुम्ही?"

पूजा बिचारी कागदाकडे बघत राहिली. डॉक्टर आत ऑपरेशनमध्ये होते, अर्धा तास लागणार होता. वैजयंती बाकावर जाऊन बसली.

शेजारी एक साठीचे गृहस्थ होते. पांढरा झब्बा, मांडीवर कापडाची लांबट पिशवी. ते मघापासून तिच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी हात जोडले.

"माफ करा, आपण मराठी बोललात म्हणून विचारतो. त्या व्हिडिओत आपणच ना? तो तीळ…"

वैजयंतीला वाटलं, उठून निघून जावं. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर चोंबडेपणा नव्हता. उलट देवळात आल्यासारखा भाव होता.

"मी केशव मोघे. मूळचा ग्वाल्हेरचा. बँकेतून रिटायर झालो, आता अशोका गार्डनला मुलांना बासरी शिकवतो. आपला व्हिडिओ मी वीस वेळा पाहिला असेल. त्याच्यामुळेच हिंमत झाली. मंगळवारी माझं ऑपरेशन आहे."

त्यांचा गळा खरंच जड होता. हनुवटीखाली एक मोठी घडी, आणि तिच्याखाली आणखी एक.

"मुलं माझ्या वादनाचे व्हिडिओ टाकतात," ते संकोचाने म्हणाले. "फोन खाली जमिनीवर ठेवतात. बासरी दिसते एवढीशी, आणि गळाच गळा दिसतो. एकाने खाली लिहिलं, गुरुजी सूर गिळतात का? माझी बायको गेली त्याला पाच वर्षं झाली, ती असती तर म्हणाली असती, सोडा हो. पण नाही सुटत. आपण सांगा ना, आपण खूश आहात ना?"

नऊ महिन्यांत हा प्रश्न तिला असा सरळ कुणी विचारला नव्हता. आणि विचारला तो कुणी, तर ज्याला फक्त 'हो' ऐकायचं होतं अशा माणसाने.

पण तिचं लक्ष त्या लांबट पिशवीकडे गेलं.

"बासरी वाजवता म्हणजे ओठांनीच सगळं," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगितलंत का?"

"त्यांना माहीत आहे ना, मी बासरी वाजवतो."

"ओठाच्या नसेबद्दल काय म्हणाले ते?"

"फॉर्मवर बरंच काही लिहिलं होतं. मी सही केली. म्हणाले, क्वचित होतं, आणि बरं होतं."

"माझं नऊ महिने झाले, बरं झालेलं नाही." तिने ओठाला हात लावला. "ही बाजू खाली येत नाही."

केशवरावांनी नीट पाहिलं. "मला तर काही दिसत नाही हो. उलट आपण इतक्या छान…"

तेच वाक्य. नवऱ्याचं, मुलीचं, शिल्पाचं, आणि आता या परक्या माणसाचंही. वैजयंतीच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली, एक घोट तोंडात घेतला, ओठ मिटले आणि चूळ भरल्यासारखे गाल हलवले. डाव्या कोपऱ्यातून पाण्याची धार निघाली, हनुवटीवरून ओघळली आणि ओढणीवर पडली. हनुवटीखाली ती तिला जाणवलीही नाही. समोर बसलेल्या दोन बायका बघत होत्या. पूजाही बघत होती.

तिने रुमालाने तोंड पुसलं.

केशवरावांनी पिशवी छातीशी धरली, ते उठले आणि काउंटरवर जाऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेबांना भेटायचंय. आजच."

डॉक्टरांनी आधी केशवरावांना आत घेतलं, मग वैजयंतीला. ती आत गेली तेव्हा देवधरांचा आवाज नेहमीसारखा मृदू नव्हता.

"मॅडम, तुम्ही माझ्या पेशंटला घाबरवलंत."

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तुम्ही सांगितलं असतंत तर मला सांगावं लागलं नसतं."

"फॉर्मवर सगळं लिहिलेलं असतं."

"माझ्याही फॉर्मवर होतं. फोटो वापरायची परवानगीही त्यातच कुठेतरी होती, हो ना? तो व्हिडिओ काढून टाका."

"आत्ता काढतो," डॉक्टर म्हणाले आणि खरंच फोन उचलून पूजाला सांगितलं. वैजयंतीने रस्ताभर जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली. मग त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. त्यावर तिचाच फोटो, बाजूने काढलेला, आणि त्यावर आखलेल्या बारीक रेषा.

"हा कोन बघा. आधी सरळ उतार होता. आता बघा. कानामागची खूण शोधूनसुद्धा सापडत नाही. कोणत्याही सर्जनला दाखवा, मॅडम, तो याला उत्तमच म्हणेल. खरं सांगतो, हे माझं सगळ्यात चांगलं काम आहे."

त्यांना तसं मनापासून वाटत होतं, हे तिला दिसत होतं. फसवणारा माणूस असता तर भांडता आलं असतं.

"गळा छान झालाय," ती म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं? पण माझी विद्यार्थिनी माझ्या हसण्याने रडली. ते या फोटोत कुठे आहे?"

डॉक्टरांनी तिचा ओठ तपासला. दात दाखवा, शीळ घाला, फुगा फुगवल्यासारखं करा. थोडी हालचाल परत येतेय, असं म्हणाले. वर्ष होईपर्यंत थांबू. "तोवर हसणं सारखं दिसायला एक उपाय आहे. चांगल्या बाजूला एक छोटं इंजेक्शन देऊ. ती बाजू थोडी कमजोर होईल, मग दोन्हीकडे सारखं."

वैजयंती खुर्चीत सरळ बसली.

"म्हणजे एक बाजू बिघडली म्हणून दुसरीही बिघडवायची?"

"बिघडवायची नाही, बॅलन्स…"

"नको. माझ्या फाईलमध्ये लिहा."

"काय लिहू?"

"रुग्ण असमाधानी. असंच लिहा. माझ्यासमोर."

डॉक्टरांनी पेन उचललं. "गळ्याबद्दल समाधानी, असं पण लिहू ना?"

"लिहा. दोन्ही लिहा. पण असमाधानी आधी लिहा."

त्यांनी लिहिलं. वळणदार इंग्रजी अक्षरांत दोन ओळी. वैजयंतीने वाकून त्या दोनदा वाचल्या. घरी परतताना तिला वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही. सिग्नलला स्कूटर थांबवली तेव्हा ओढणी अजून ओलीच होती.

ती मंगळवारची वाट बघत राहिली आणि त्याबद्दल स्वतःवरच चिडली. केशवरावांनी ऑपरेशन केलं की नाही याच्याशी आपल्याला काय करायचंय? पण रात्रीच्या पोळ्या लाटताना तिला त्यांची ती पिशवी आठवायची. आपण एका माणसाची हिंमत मोडली का? की वाचवलं? दोन्हींपैकी काय खरं ठरावं असं आपल्याला वाटतंय, याचा ती फार विचार करत नव्हती.

सात आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"परचुरेबाई? मी केशव मोघे. क्लिनिकमधून नंबर घेतला, रागावू नका."

"नाही, नाही. बोला ना."

"झालं ऑपरेशन. मंगळवारचं पुढे ढकललं होतं, दहा दिवसांनी केलं. आपल्यामुळे मी डॉक्टरांना अर्धा तास बसवून ठेवलं. त्यांनी कागदावर ती नस काढून दाखवली. कुठून जाते, कुठे धोका आहे. मग म्हणाले, तुमच्या बाबतीत मी त्या नसेजवळ कमी काम करतो, गळा थोडा कमी सुबक होईल. मी म्हटलं, चालेल."

"आणि ओठ?"

"ओठ एकदम ठीक! सूज आहे अजून, आणि हनुवटीखाली एक गाठ राहिलीय, घडीही पूर्ण गेली नाही. पण मी फार खूश आहे हो. परवा मुलांनी व्हिडिओ टाकला, मी स्वतः तो तीनदा पाहिला."

"अरे वा. अभिनंदन," वैजयंती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं. आणि त्याच वेळी रागही आला. या माणसाला गाठ राहिली, घडी राहिली, आणि हा खूश. तिला जे सांगितलं नव्हतं ते याला अर्धा तास कागदावर काढून सांगितलं, आणि ते तिने सगळ्यांसमोर तोंडातून पाणी गाळलं म्हणून. तिच्या वेळी 'कमी सुबक चालेल का' असं कुणी विचारलं होतं? विचारलं असतं तर तिने काय उत्तर दिलं असतं, हेही तिला नक्की सांगता आलं नसतं.

"आपलं कसं आहे आता?" केशवरावांनी विचारलं.

"तसंच. थोडं कमी असेल. तसंच म्हणा ना."

ती नेहमीच्या वाक्याची वाट बघत थांबली. पण पलीकडून ते आलं नाही.

"वाईट झालं," केशवराव हळूच म्हणाले. "फार वाईट झालं आपलं."

"हो," ती म्हणाली. "हो. झालं खरं." मग इकडचं तिकडचं बोलून तिने फोन ठेवला.

विश्वास समोर भाजी निवडत बसले होते. "कोण गं?"

"ते बासरीवाले. त्यांचं ऑपरेशन झालं. ओठ ठीक आहे."

"बघ," विश्वास म्हणाले, "म्हणजे डॉक्टर चांगलाच आहे."

वैजयंतीने खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली, इतक्या जवळ की त्यांना हातातली गवारीची शेंग खाली ठेवावी लागली.

"अहो, डॉक्टर चांगलाच आहे. गळाही चांगला झालाय. मी हौसेने केलं, आणि परत विचारलंत तर कदाचित परतही करेन. माझा ओठ मात्र वाईट झालाय. एवढं एक वाक्य मला या घरात बोलू द्या. त्यावर 'दिसत नाही' म्हणू नका."

विश्वासनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते म्हणाले, "बरं."

एवढंच. तिला आणखी काहीतरी हवं होतं, पण ते काय ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने शेंगांचा अर्धा ढीग आपल्याकडे ओढला आणि निवडायला घेतला.